रिकाम्या पोटी चालावे की खाऊन?

वाचकाचे पत्र : मी ५१ वर्षांची असून नागपुरात प्रतापनगर भागात राहते आणि दुपारच्या सत्रातील शाळेत शिकवते. वजन ६४ किलो आहे. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी (एचबीए१सी) ६.१ आल्यापासून डॉक्टरांनी मेटफॉर्मिन सुरू केले आहे. हिमोग्लोबिन १०.६ असल्यामुळे लोहाची गोळीही आहे; ती मी नाश्त्याच्या चहासोबत घेते. पहाटे साडेपाचला चहा आणि दोन टोस्ट घेऊन अंबाझरीला पाऊण तास चालते आणि आठवड्यातून दोन सकाळी व्यायामशाळेत वजने उचलते. पोलीस भरतीची तयारी करणारा भाचा म्हणतो की, रिकाम्या पोटी व्यायाम केल्याशिवाय मायटोकाँड्रिया वाढत नाहीत. व्यायामशाळेतील प्रशिक्षकांच्या मते अर्ध्या तासात प्रोटीन पावडर घेतली नाही तर मेहनत वाया जाते. मुलीने क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणून दिल्या आहेत. नाश्ता नऊ वाजता, बहुतेक पोह्यांचा. रात्रीचे जेवण पावणेदहाला. मी शाकाहारी आहे. नेमके काय, केव्हा खावे?

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात तीन सल्ले आहेत, आणि तिन्ही सल्ले देणाऱ्यांना आपली काळजी आहे हे स्पष्ट दिसते. मात्र ज्या दोन वेळांमुळे आपल्या प्रकृतीत सर्वाधिक फरक पडेल असे मला वाटते, त्यांच्याविषयी या तिघांपैकी कोणीही बोललेले नाही. त्यातली एक म्हणजे चहासोबत घेतली जाणारी लोहाची गोळी आणि दुसरी म्हणजे पावणेदहाचे जेवण. त्यांच्याकडे मी येणारच आहे. पण भाच्याच्या मुद्द्यात तथ्याचा अंश आहे, म्हणून आधी त्याचे उत्तर देते.

मायटोकाँड्रिया, म्हणजे शालेय पुस्तकांत ज्यांना तंतुकणिका म्हटले जाते त्या, स्नायूच्या पेशीत साखर आणि चरबी यांचे प्राणवायूच्या साहाय्याने ऊर्जेत रूपांतर करतात. नियमित व्यायामाने त्यांची क्षमता वाढते, हे अमेरिकेतील शास्त्रज्ञ जॉन होलोझी यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले. त्यांनी उंदरांना काही आठवडे पट्ट्यावर धावण्याचा सराव दिला, तेव्हा त्या उंदरांच्या स्नायूंमधील ऊर्जानिर्मितीच्या विकरांचे (एन्झाइम्सचे) प्रमाण दुपटीच्या आसपास गेले. पुढच्या काळात यामागची साखळीही बरीच उलगडली. स्नायू काम करू लागला की पेशीतील ऊर्जा खर्ची पडते, त्या तुटवड्याची नोंद एएमपीके नावाचे विकर घेते, आणि तेथून पुढे पीजीसी-१ अल्फा या प्रथिनामार्फत नव्या मायटोकाँड्रियासाठी लागणारी जनुके कामाला लागतात. एएमपीकेचा एक भाग ग्लायकोजेनला, म्हणजे स्नायूत साठवलेल्या साखरेला, चिकटून राहतो. त्यामुळे हा साठा कमी असताना केलेल्या व्यायामात हा संदेश अधिक जोरात जातो. भाच्याच्या म्हणण्याला आधार आहे तो इथे.

कोपनहेगनमधील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत नेहमी सांगितला जातो. त्यात ७ तरुणांच्या एका पायाला रोज एकदा, तर दुसऱ्या पायाला एक दिवसाआड दोनदा व्यायाम दिला गेला, आणि १० आठवड्यांत दोन्ही पायांनी एकूण सारखेच काम केले. एक दिवसाआड व्यायाम करणाऱ्या पायाचे दुसरे सत्र साठा उतरलेला असतानाच होत असे. त्या पायात मायटोकाँड्रियातील विकरे अधिक वाढली आणि थकेपर्यंत काम करण्याचा कालावधीही कितीतरी अधिक वाढला. हा प्रयोग सुंदर आहे, परंतु त्यात साठा उतरला तो आधीच्या कठीण व्यायामाने. रात्रभराच्या उपवासाने नव्हे. रात्रीच्या उपवासात प्रामुख्याने यकृतातील साठा खर्च होतो, तोही एकूण शंभरेक ग्रॅमचाच असतो. पायांच्या आणि मांड्यांच्या स्नायूंतील साठा सकाळी उठल्यावर बहुतांशी जसाच्या तसा असतो. म्हणून टोस्ट न खाता अंबाझरीला गेल्याने स्नायू रिकामे होतात, ही समजूत मुळातच बरोबर नाही.

तरीही रिकाम्या पोटी हलका व्यायाम करण्याचा लाभ आहे, आणि तो आपल्यासारख्या काठावरच्या साखरेच्या व्यक्तीसाठी महत्त्वाचा आहे. इंग्लंडमधील बाथ आणि बर्मिंगहॅम विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१९ मध्ये, वजन जास्त असलेल्या पुरुषांना ६ आठवडे मध्यम गतीने सायकल चालवायला लावली. काहींनी ती न्याहारीच्या आधी चालवली, काहींनी नंतर. आधी चालवणाऱ्यांच्या शरीराने व्यायामादरम्यान जवळजवळ दुप्पट चरबी वापरली आणि त्यांचा इन्शुलिनचा प्रतिसादही सुधारला. वजन मात्र दोन्ही गटांचे सारखेच राहिले. हा अभ्यास पुरुषांवरचा होता, हे आपण लक्षात ठेवावे. शिवाय, सहनशक्तीचे खेळ खेळणाऱ्यांनी अधूनमधून कर्बोदके कमी ठेवून केलेल्या सरावाचे अनेक प्रयोग २०२१ मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा प्रत्यक्ष कामगिरीत सरासरी फरक दिसला नाही. पेशीतील संदेश जोरात जाणे आणि माणूस अधिक सक्षम होणे यांत अंतर असते. म्हणून व्यायाम हाच मुख्य, आणि खाण्याची वेळ त्याच्या परिणामात थोडीफार भर घालते किंवा घट करते, एवढेच माझे मत आहे.

तेव्हा चालण्याच्या दिवशी टोस्ट सोडावेत. मैद्याचे आणि साखरेचे हे दोन तुकडे आपल्याला फारशी प्रथिने देत नाहीत. ते फक्त चालण्यापूर्वी इन्शुलिन वाढवतात आणि चरबीचा वापर मंदावतो. एक-दोन पेले पाणी पिऊन निघावे. बोलता येईल अशा वेगाने चाळीस-पंचेचाळीस मिनिटे चालण्यासाठी त्याहून अधिक कशाची गरज नाही. एकट्या मेटफॉर्मिनमुळे साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रसंग क्वचितच येतात; परंतु पुढे कधी साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन सुरू झाले, तर रिकाम्या पोटी चालणे डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू ठेवू नये. गरगरणे, थंड घाम, हात थरथरणे असे काही जाणवले तर त्याच क्षणी थांबून काही गोड खावे, आणि पुढच्या वेळी खाऊन निघावे.

व्यायामशाळेच्या दिवसांचा नियम वेगळा. वजने उचलताना स्नायू मुख्यतः साखरेवरच चालतात, आणि पन्नाशीनंतर स्नायू टिकवून ठेवणे हे मायटोकाँड्रियाच्या दृष्टीनेही पहिले काम आहे. कारण मायटोकाँड्रिया राहतात त्या स्नायूतच. त्या दिवशी निघण्याच्या पाऊण तास आधी एखादे केळे, किंवा पाण्यात कालवलेले दोन-तीन चमचे सातूचे पीठ घ्यावे. सातू विदर्भातल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि मला तो बाजारातल्या बहुतेक तयार पेयांपेक्षा अधिक विश्वासाचा वाटतो.

आता प्रशिक्षकांचा अर्धा तास. प्रथिनांच्या वेळेसंबंधीचे अनेक अभ्यास २०१३ मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा असे दिसले की दिवसभरात मिळणारी एकूण प्रथिने हिशेबात धरली की वेळेचा म्हणून वेगळा परिणाम उरत नाही. वजने उचलल्यानंतर स्नायू सुमारे चोवीस तास प्रथिनांना अधिक चांगला प्रतिसाद देत राहतो, त्यामुळे मेहनत अर्ध्या तासात वाया जाण्याचा प्रश्न येत नाही. प्रश्न आहे तो एकूण प्रमाणाचा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला प्रतिकिलो ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. वाढत्या वयात आणि वजने उचलणाऱ्या व्यक्तीसाठी १ ते १.२ ग्रॅम हे प्रमाण अधिक योग्य मानले जाते. आपल्या ६४ किलो वजनाला हे दिवसाचे ६४ ते ७७ ग्रॅम होतात. एका वाटी वरणातून सहा-सात ग्रॅम मिळतात, एका पेल्यात दुधाचे सात-आठ, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, पन्नास ग्रॅम फुटाण्यांत दहा. पोह्यांच्या बशीत मात्र चार-पाच ग्रॅमच असतात. नऊ वाजेपर्यंत दोन टोस्टांवर राहून त्यावर केवळ पोहे खाणे ही आपल्या दिवसाची कमकुवत बाजू आहे, आणि ती पावडरीने झाकण्यापेक्षा नाश्ताच बदलणे शहाणपणाचे आहे. पोहे सोडावेत असे मी म्हणत नाही. तर्री-पोह्यांच्या तर्रीतला हरभरा हाच त्याचा खरा पौष्टिक भाग आहे. घरी कमी तेलात ती उसळ दाट करावी, पोहे निम्मे घ्यावेत आणि सोबत वाटीभर घट्ट दही घ्यावे. इतर दिवशी मुगाच्या डाळीचे धिरडे, ज्वारीच्या भाकरीसोबत झुणका, किंवा पनीर चुरून घातलेला पराठा असे पर्याय आहेत. नाश्ता नऊऐवजी आठ वाजता करता आला तर उत्तम.

मुलीने आणलेल्या गोळ्यांबद्दल मी अधिक ठाम आहे. व्यायामाच्या वेळी मायटोकाँड्रियातून काही प्रमाणात क्रियाशील प्राणवायूचे रेणू बाहेर पडतात. त्यांना दाबले पाहिजे असा एकेकाळी समज होता, परंतु तेच रेणू पेशीला अनुकूलनाचा निरोप देण्याचे काम करतात. जर्मनीतील एका गटाने २००९ मध्ये तरुणांना ४ आठवडे व्यायाम दिला आणि त्यांतील निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम क आणि ४०० एकक ई जीवनसत्त्व दिले. इन्शुलिनचा परिणाम सुधारला तो गोळ्या न घेणाऱ्यांचाच. नॉर्वेत २०१४ मध्ये झालेल्या ११ आठवड्यांच्या अभ्यासात अशाच गोळ्यांनी स्नायूतील मायटोकाँड्रियाशी संबंधित प्रथिनांची वाढ रोखली. प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता मात्र दोन्ही गटांत सारखीच वाढली. आपल्याला व्यायाम हवा आहे तो मुख्यतः साखरेसाठी, आणि नेमका तोच लाभ या गोळ्यांमुळे कमी होण्याची शक्यता असेल तर त्या घेण्याचे कारण मला दिसत नाही. फळांना ही भीती लागू नाही. शंभर ग्रॅम संत्र्यात साधारण तीस ते पन्नास मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. १००० मिलिग्रॅमसाठी किमान दोन किलो सोललेली संत्री खावी लागतील. नागपुरात राहून रोज एक-दोन संत्री न खाण्याचे कारणच नाही.

संत्र्याचा खरा उपयोग मी आता सांगते तिथे आहे. मायटोकाँड्रियामध्ये ऊर्जा तयार करणारी जी प्रथिनांची साखळी आहे, तिच्यातील अनेक दुव्यांत लोह असते. आणि त्या साखळीपर्यंत प्राणवायू पोहोचवणाऱ्या हिमोग्लोबिनमध्येही लोहच असते. स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की रक्तक्षय मानला जातो, आणि आपले १०.६ हे सौम्य नव्हे, मध्यम पातळीचे आहे. लोह कमी असताना मायटोकाँड्रियासाठी उपवासाचे गणित मांडणे मला अयोग्य वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हे प्रमाण इतके मोठे आहे की चढावर धाप लागणे, दुपारी तासाला उभे राहवत नाही असे वाटणे हे अनेकजणी वयाचे म्हणून सोडून देतात.

चहातील घटक लोहाला आतड्यात बांधून ठेवतात, त्यामुळे नाश्त्याच्या चहासोबत घेतलेल्या गोळीतील बराचसा भाग शोषला जात नाही. दूध आणि कॅल्शियमची गोळीही तेच करतात. व्यायामाचा संबंध असा, की जोराच्या व्यायामानंतर साधारण तीन ते सहा तासांनी हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढते आणि ते लोहाचे शोषण रोखते. सकाळी लवकर ते कमी असते. म्हणून गोळी फिरून किंवा व्यायामशाळेतून परतल्याबरोबर, अर्ध्या तासाच्या आत, लिंबूपाण्यासोबत किंवा एका संत्र्यासोबत घ्यावी, आणि दही असलेला नाश्ता त्यानंतर तासाभराने करावा. पहिला चहा नाश्त्यानंतरही तासभर थांबून घ्यावा. पहाटेचा चहा सोडणे किती कठीण आहे याची मला जाणीव आहे. तो सुटणारच नसेल तर निघण्यापूर्वी अर्धा कप, बिनसाखरेचा घ्यावा, म्हणजे गोळीपर्यंत तासाभराचे अंतर पडेल. रिकाम्या पोटी गोळीने मळमळत असेल तर ती एक दिवसाआड घ्यावी का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. लोहाची कमतरता असलेल्या स्त्रियांमध्ये एक दिवसाआड घेतलेल्या मात्रेचे शोषण अधिक चांगले होते, असे अभ्यासांत दिसले आहे. रक्तक्षयाचे कारणही शोधून घ्यावे. या वयात पाळीतील अतिस्राव हे एक नेहमीचे कारण आहे, आणि त्याची तपासणी गोळीइतकीच आवश्यक आहे.

बी-१२ ची तपासणीही सोबतच करून घ्यावी, कारण आपण शाकाहारी आहात आणि दीर्घकाळ घेतलेल्या मेटफॉर्मिनने या जीवनसत्त्वाची पातळी उतरू शकते. मेटफॉर्मिनविषयी आणखी एक गोष्ट आपल्या कानावर येण्याचा संभव आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १२ आठवडे व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांपैकी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या स्नायूंतील मायटोकाँड्रियाची क्षमता इतरांइतकी वाढली नाही. ते वाचून गोळी स्वतःहून बंद करू नये. त्यातील व्यक्तींना मधुमेह नव्हता, आणि आपली गोळी आपल्या तपासणीकडे पाहून दिलेली आहे. साखर आटोक्यात आल्यावर गोळीची गरज उरते का, हा प्रश्न तीन महिन्यांनंतरचा अहवाल घेऊन डॉक्टरांसमोर ठेवावा.

रात्रीचे पावणेदहाचे जेवण ही दुसरी वेळ. संध्याकाळनंतर शरीराची साखर हाताळण्याची क्षमता सकाळच्या तुलनेत कमी असते, आणि आपण जेवून तासाभरात झोपत असणार. न्यूझीलंडमध्ये २०१६ मध्ये मधुमेह असलेल्या व्यक्तींवर झालेल्या अभ्यासात, रोज एकदा कधीही ३० मिनिटे चालण्याऐवजी प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटे चालल्यास जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. चालणारे स्नायू इन्शुलिनच्या मदतीशिवायही रक्तातील साखर आत ओढून घेतात. आपल्यासारख्या स्त्रीसाठी सकाळी टोस्ट सोडण्यापेक्षा ही दहा मिनिटे अधिक मोलाची आहेत असे माझे स्पष्ट मत आहे. घरातील सगळ्यांची वाट पाहण्यात जेवणाला उशीर होत असेल, तर आपण आठ वाजता भाकर, वरण, भाजी असे जेवून घ्यावे आणि बाकीच्यांसोबत नंतर नुसते बसावे. गृहिणीने आधी जेवू नये हा संकेत आपल्या आरोग्यापेक्षा मोठा नाही, आणि घरच्यांना कारण सांगितले तर ते समजून घेतील. जेवणानंतर भांडी आवरण्यापूर्वी गल्लीतच दहा-पंधरा मिनिटे चालावे.

हिमोग्लोबिन वर आले आणि डॉक्टरांनी हृदयाच्या दृष्टीने परवानगी दिली की व्यायामाचा जोर वाढवावा. मेयो क्लिनिकच्या २०१७ च्या अभ्यासात १२ आठवडे जोराचा आणि हलका व्यायाम आलटून-पालटून करणाऱ्यांच्या स्नायूंतील मायटोकाँड्रियाची क्षमता तरुणांत ४९ टक्क्यांनी आणि ६५ वर्षांपुढील गटात ६९ टक्क्यांनी वाढली. खाण्याच्या वेळा बदलून एवढा फरक पडलेला मी वाचलेला नाही. आपल्याला यासाठी सायकल लागणार नाही; सेमिनरी हिल्सचा चढ पुरेसा आहे. आठवड्यातून दोनदा तीन-चार मिनिटे असे चढावे की पूर्ण वाक्य बोलता येऊ नये, मग तितकाच वेळ रमतगमत चालावे, आणि असे चार वेळा करावे. हा दिवस रिकाम्या पोटाचा नाही. त्या दिवशी केळे किंवा सातू घेऊनच निघावे.

भाच्यालाही माझा निरोप सांगावा. भरतीतील १६०० मीटरची धाव हा काही मिनिटांचा, जवळजवळ पूर्ण जोराचा प्रयत्न आहे आणि तो ग्लायकोजेनवर चालतो. आठवड्यातून एखाद-दुसरी लांब, संथ धाव त्याने रिकाम्या पोटी केली तर हरकत नाही. परंतु वेगाच्या सरावाच्या आणि चाचणीच्या दिवशी तासभर आधी काही खाल्ले नाही तर त्याला हवा तो वेगच गाठता येणार नाही, आणि मग स्नायूला संदेश जाणार तो कमी कामाचा. रोज उपाशी धावून, दिवसभर अभ्यासिकेत बसून आणि रात्री एकदाच पोटभर जेवून तयारी करणारी अनेक मुले मी पाहते. त्यांचे वजन उतरते, पायाची हाडे दुखू लागतात, आणि त्यांना वाटते की सराव कमी पडतो आहे.

उन्हाळ्यात यातील काही गोष्टी बदलाव्या लागतील. एप्रिलपासून पहाटेही हवा तापलेली असते आणि मे महिन्यात दुपारचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत चालणे पाचलाच सुरू करावे, उपाशीपोटीचा आग्रह सोडावा आणि निघताना मीठ घातलेले लिंबूपाणी घ्यावे. साखरेचे पन्हे मात्र टाळावे. संध्याकाळी शाळेतून परतल्यावर मठ्ठा घ्यावा, म्हणजे प्रथिनांतही थोडी भर पडेल. व्यायामशाळेतही उकाडा असेल तर त्या दिवशी वजने कमी ठेवावीत.

लोहाची गोळी चहापासून दूर करणे आणि रात्रीच्या जेवणानंतर चालणे, या दोनच गोष्टी पहिल्या महिन्यात कराव्यात. नाश्ता त्यानंतर बदलावा आणि टोस्ट सर्वांत शेवटी सोडले तरी चालतील. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी तपासणी), बी-१२ आणि एचबीए१सी एकाच वेळी तपासून घ्यावे आणि आकडे मला जरूर कळवावेत.